भिंतीपलीकडचं भांडण

माझं ठरलेलं लग्न माझ्या हसण्यामुळे मोडलं. उगाच गमतीने म्हणत नाहीये, निरोपच तसा आला होता. पत्रिका जुळली होती, शिक्षण पसंत होतं, उंचीसुद्धा मुलाच्या खांद्याला बरोब्बर लागत होती. पण साखरपुडा झाला आणि चारच दिवसांत मध्यस्थ काका आमच्याकडे आले, चहाला हातही न लावता म्हणाले, मुलगी चांगली आहे हो, पण तिचं हसणं त्या घराला झेपायचं नाही.

त्या दिवशी नेमकं काय झालं ते सांगते, मग तुम्हीच ठरवा. मे महिना, पुणं, आणि असून नसल्यासारखे पंखे असलेलं कार्यालय. माझ्यासाठी केलेली अंगठी हरवू नये म्हणून मुलाच्या आईने त्याला सांगितलं होतं, वेळ येईपर्यंत तुझ्या करंगळीत घालून ठेव. मुलगा आज्ञाधारक. त्याने घातली. उकाड्याने बोट सुजलं आणि ऐन मुहूर्ताला अंगठी निघेना. आधी त्याने एकट्याने ओढून पाहिलं, मग त्याच्या आईने, मग दोन काकांनी आळीपाळीने. साबण आला, खोबरेल तेल आलं, निरांजनातलं तूपही चोळून झालं. कुणीतरी म्हणालं हात वर धर, रक्त उतरेल. तर तो बिचारा नव्या कोऱ्या सुटात, वर्गात उत्तर येणाऱ्या मुलासारखा हात वर करून बसला. तोवर मी शहाण्यासारखी मान खाली घालून होते. खरंच होते. मग गुरुजींनी घड्याळाकडे बघितलं आणि तोडगा काढला. मुहूर्त टळतोय, मुलीने आपली करंगळी मुलाच्या करंगळीला लावावी, अंगठी पोचली असं समजू.

लावली. आणि करंगळीला करंगळी लागल्याबरोबर मला आठवलं, लहानपणी आपण असं कधी करायचो. कट्टी घेताना! भर मांडवात, मंत्र चालू असताना, झाडून सगळ्या नातेवाइकांसमोर मी माझ्या होणाऱ्या नवऱ्याशी कट्टी घेत होते.

पुढचं माझ्या हातात राहिलं नाही. आधी खांदे हलायला लागले, ते मी खोकल्यावर ढकललं. मग नाकातून एक आवाज निघाला. आणि मग मी जी फुटले, ती पाटावरून कलंडून आत्याच्या मांडीवर. डोळ्यांतून पाणी, पोटात कळ, शेला कुठे, गजरा कुठे. आई कानाशी येऊन दात-ओठ खात ‘बस कर’ म्हणाली, तर त्यानेच मला आणखी हसू आलं. मुलगा हसला नाही. रागावलाही नाही. हिला हे काय होतंय, अशा चेहऱ्याने तो नुसता बघत राहिला, हात तसाच वर.

लग्न मोडलं याचं मला वाईट वाटलं, नाही असं नाही. मुलगा दिसायला बरा होता आणि मी मनात पडद्यांचे रंगसुद्धा ठरवून टाकले होते. पण त्याहून वाईट झालं ते हे, की बाबा माझ्याशी बोलेनासे झाले. आमच्या घरात बाबा आणि मी म्हणजे दिवसभराची कटकट. पेपरचं पान आधी कुणी घ्यायचं, रेडिओ किती मोठा ठेवायचा, भेंडी कशी चिरायची, कशावरूनही आमचं जुंपायचं. तो माणूस एकदम मिटला. मी खोलीत आले की पेपर वर जायचा. मी बाहेर गेले की खाली यायचा. रागाने ओरडले असते तर मी सोसलं असतं, भांडले असते. पण त्या पेपरशी मी काय भांडणार? शेवटी आईच म्हणाली, जा बाई थोडे दिवस मावशीकडे, हवापालट होईल. स्टेशनवर बाबा आले, बॅग वर ठेवली, आणि पाण्याची बाटली भरून घे एवढंच म्हणाले. गाडी सुटली तेव्हा मी शपथ घेतली की यापुढे हसायचं म्हणून नाही.

ही गोष्ट नव्वदीच्या मधल्या वर्षांतली. मावशी राजाजीनगरला राहायची. काका एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर. बेंगळुरूला येऊन त्यांना वीसेक वर्षं झाली होती, त्यामुळे घरात मराठी पुण्याचं आणि भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी कन्नड. काकांनी मला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की आता सगळं जग कॉम्प्युटर शिकतंय, तूही शीक, लग्नं काय होत राहतात. ते विनोदी होते हो, चांगले विनोदी होते. पण मी शपथ पाळत होते. त्यांनी विनोद केला की मी आमटीकडे बघायचे. काका मावशीला आत जाऊन विचारायचे, हिला दात दुखतात का गं?

श्रावण लागला तशी मावशी म्हणाली, शुक्रवारी माझ्याबरोबर चामराजपेटेत चल, अक्कांकडे. मी म्हटलं मी कुठेही येणार नाही. मावशी म्हणाली, तुला विचारलं नाहीये, सांगितलंय.

अक्का म्हणजे सत्तरीच्या पुढच्या, चामराजपेटेतच जन्मलेल्या, आणि त्यांच्या आधीच्या कितीतरी पिढ्याही तिथल्याच. त्यांचं मराठी ऐकून मला आधी वाटलं, या काय बोलतायत? ‘स्वल्प सरकून बस की गं, पोरी’, ‘सरी, आता काफी घ्या’, असं सगळं. स्वल्प म्हणजे थोडं आणि सरी म्हणजे बरं, हे मावशीने कानात सांगितलं. घर लांबोडकं, एकापुढे एक खोल्या, खाली छापखाना. वर पूजा चालली की खालून यंत्राचा खडखडाट. भिंतीवर जिवतीचा कागद, त्याला आघाड्याची आणि दूर्वांची माळ, पुढ्यात दूध आणि चणे-गूळ. हे सगळं पुण्यासारखंच. पण पुढे जे व्हायचं ते मी पुण्यात काय, कुठेच पाहिलेलं नव्हतं.

श्रावणात शुक्रवारची कहाणी वाचायची आणि हातात अक्षता घेऊन ती ऐकायची, हे तुमच्या-माझ्या घरी असतंच. अक्कांच्या घरी कहाण्यांचं पुस्तक फार वर्षांपूर्वी वाळवीने खाल्लं. नवं आणायचं राहिलं, आणि मग अक्कांनी ठरवूनच टाकलं की आणायचं नाही. त्याऐवजी जमलेल्या बायकांनी एकेकीने आपली स्वतःची कहाणी सांगायची. कुठली? तर आपण मरता मरता कशा राहिलो ती. बाकीच्यांनी अक्षता मुठीत धरून ऐकायची, आणि सांगणारी ज्या क्षणी संकटातून बाहेर पडेल त्याच क्षणी सगळ्यांनी तिच्यावर अक्षता टाकायच्या. आधी नाही, नंतर नाही. बाहेर पडल्याशिवाय मूठ उघडायची नाही, हा नियम कडक. अक्का म्हणायच्या, देवाला ठाऊक असलेल्या गोष्टी त्याला पुन्हा कशाला वाचून दाखवायच्या, त्याला जरा नवीन ऐकू दे.

पहिल्या शुक्रवारी अक्कांनीच सुरुवात केली. नवी नवरी असताना अक्का माहेरी निघालेल्या, नदी उतरताना बैलगाडी वाहायला लागली, गाडीवान उडी टाकून मोकळा, नवरा काठावर. अक्का एका हाताने जू धरून, आणि दुसऱ्या हाताने डोक्यावरचा पुरणपोळ्यांचा डबा सावरून. पोहता येत नव्हतं. बैलाला येत होतं. बैल वाट फुटेल तिकडे निघाला आणि पलीकडच्या गावात कुणाच्या तरी परड्यात जाऊन उभा राहिला. नवरा रडत रडत तासाभराने पोचला, तर अक्का ओल्या लुगड्याने बसून त्या घरच्यांना पोळ्या वाढत होत्या. डब्यात पाणी गेलं नव्हतं, हे अक्का तीनदा सांगायच्या. बायकांनी अक्षता टाकल्या, हसून हसून सगळ्यांची पुरेवाट. मी ओठ चावून बसले होते. मग मावशीने तिची कहाणी सांगितली. कुकरचं झाकण उडून छताला लागलं आणि नेमकी त्याच वेळी ती दाराशी कोथिंबीर घेत होती. ही तिची दरवर्षीची कहाणी. दरवर्षी कोथिंबिरीची जुडी मोठी होत जाते, असं शेजारची बाई मला म्हणाली.

घरी येताना मी मावशीला म्हटलं, तुम्हा सगळ्यांना बरं आहे, हसण्यासारखी संकटं आली तुमच्यावर. माझ्यासारखं कुणाचं झालंय का? आता हे वाक्य आठवलं की मला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते. पण तेव्हा मी अगदी मनापासून म्हटलं होतं.

दुसऱ्या शुक्रवारी एक नवीन बाई आली होती. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी असेल. मराठवाड्यातली, भावाकडे येऊन राहिलेली, तो भाऊ माझ्या काकांच्याच कारखान्यात. अक्कांनी सगळ्यांना हळदी-कुंकू लावलं आणि तिच्या कपाळाला कुंकू नव्हतं तरी बोट न थांबवता तिलाही लावलं. मग म्हणाल्या, आज तू सांग. ती म्हणाली, मला नीट सांगता येत नाही. अक्का म्हणाल्या, वाकडं सांग.

तिच्या गावी पहाटेच्या अंधारात भूकंप झाला होता. माळवदाचं घर, दगड-मातीच्या जाड भिंती, सगळं एकदम अंगावर. तिला जाग आली तेव्हा डोळे उघडे की मिटलेले तेही कळेना, तोंडात माती, एक हात हलतोय. पलीकडून कण्हण्याचा आवाज आला. ती तिची थोरली जाऊ. मध्ये पडलेली भिंत. जाऊ थोडा वेळ देवाचं नाव घेत होती, मग आवाज बारीक होत गेला, मग येईनासाच झाला. हिने हाका मारल्या, जाऊबाई, जाऊबाई. उत्तर नाही. तेव्हा हिला एकच सुचलं. ती मोठ्याने म्हणाली, जाऊबाई, तो कप तुम्हीच फोडला होतात.

सोनेरी काठाचा कप होता. हिच्या माहेरच्या सेटातला. फुटला होता वर्षापूर्वी आणि आळ हिच्यावर आला होता. भिंतीपलीकडून तत्काळ आवाज आला: मी नाही फोडला. झालं! दोघींचं जुंपलं. कप कुठे ठेवला होता, फडताळ कुणी उघडलं, मांजर घरात कुणी घेतलं, लग्नात कुणी कुणाला काय म्हटलं, सगळं निघालं. जाऊ गप्प झाली की ही पुन्हा कप काढायची. ही दमली की पलीकडून जाऊ काढायची. किती वेळ गेला ते दोघींना कळलं नाही. वरून खणणाऱ्या माणसांना अख्ख्या गावातून रडणं ऐकू येत होतं, भांडण मात्र एकाच जागेवरून येत होतं. म्हणून ते आधी तिथे आले.

‘मला आधी काढायला लागले,’ ती म्हणाली. ‘मी म्हटलं, तिला काढा, नाहीतर म्हणेल हीच आधी बाहेर पडली.’

अक्षता पडल्या. बायका हसत होत्या, डोळे पुसत होत्या, परत हसत होत्या. ती स्वतःही पदर तोंडाला लावून हसत होती. जाऊ आता सोलापूरला असते, फोनवर अजून म्हणते मी नाही फोडला, असं तिने शेवटी सांगितलं. आणि मी? माझी शपथ मोडली. इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं एकदम बाहेर आलं, मी हसले आणि अक्कांच्या पंचपाळ्यावर कलंडले. कुंकू उधळलं. कुणी मला ‘बस कर’ म्हणालं नाही.

बसमध्ये मी मावशीला म्हटलं, काय बाई आहे गं ती, धमाल! मावशी खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, ‘त्या घरात सात माणसं झोपली होती. बाहेर दोघीच निघाल्या.’ मग म्हणाली, तिचा मुलगा चार वर्षांचा होता. आणि त्या दिवसापासून पडद्यांचे रंग माझ्या मनातून पार गेले. आठवायला गेले तरी आठवेनात.

तिसऱ्या शुक्रवारी माझी पाळी. मी मोठ्या तयारीने गेले होते. म्हटलं माझं दुःख लहान आहे, पण रंगवून सांगू. सांगितलंही रंगवून. साबण, तेल, तूप, वर धरलेला हात. कट्टीपाशी तर अक्कांनी गुडघ्यावर थापा मारल्या आणि खालचा छापखानाही त्या वेळी नेमका बंद झाला. मग मध्यस्थ काका, न घेतलेला चहा, बाबांचा पेपर, स्टेशन, पाण्याची बाटली. संपलं. मी अक्षतांची वाट बघत बसले. एकही दाणा पडला नाही. सगळ्यांच्या मुठी बंद.

‘पुढे?’ अक्का म्हणाल्या.

मी म्हटलं, पुढे काही नाही, आले इथे.

‘मग वाचलीस कुठे? तू अजून पाण्यातच आहेस की.’

मला इतका राग आला म्हणून सांगू! म्हटलं यांचा बैल चालतो, कोथिंबीर चालते, माझंच चालत नाही. पण अक्का शांत. सरी, आम्ही थांबतो, असं म्हणाल्या आणि मुठीतल्या अक्षता त्यांनी पदराच्या टोकाला बांधल्या. मग बाकीच्यांनीही बांधल्या. मराठवाड्यातल्या त्या बाईने तर दुहेरी गाठ मारली. एवढ्या बायका माझ्या नावाचे तांदूळ पदराला बांधून जिना उतरून गेल्या, आणि मला रडावं की हसावं तेच कळेना.

आणि दुसऱ्याच दिवशी आईचा फोन. आवाज नुसता फुललेला. मुलाकडचे पुन्हा तयार झाले होते! त्यांनी मधल्या काळात दोन मुली पाहिल्या, त्यात काही जमलं नाही, आणि मुलगा म्हणाला होता की तीच बरी होती. एक अट फक्त. मुलीने स्वतः त्याच्या आईला सांगायचं की माझं चुकलं आणि यापुढे मी जपून वागेन. लगेच उद्या, रविवारी सकाळी, त्याच्या आई मावशीकडे फोन करणार होत्या. आई म्हणाली, बाई, एवढं कर, तुझ्या बाबांच्या तोंडावर किती दिवसांनी रंग आलाय. मी विचारलं, बाबा आहेत का तिथे? आहेत, पण पेपर वाचतायत.

मावशीने माझी तालीम घेतली. मावशी या लग्नाच्या बाजूची होती, ते मला आधीपासून माहीत होतं. ती म्हणायची, स्वल्प वाकलं तर कंबर मोडत नाही. तिने मला खुर्चीवर बसवलं आणि पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं, माझं चुकलं. काका पलीकडून सूचना करायचे, आवाज जरा खाली, हां, आता जरा ओला. मी करत होते हो सगळं. बाबांनी पेपर खाली ठेवावा म्हणून मी त्या वेळी काहीही म्हटलं असतं.

रविवारी फोन आला. त्याच्या आई चांगल्या बोलल्या, खोटं कशाला सांगू. मी अगदी ओल्या आवाजात म्हटलं, माझं चुकलं. त्या म्हणाल्या, झालं गेलं विसरून जाऊ, आणि त्यांनी फोन मुलाला दिला. तो म्हणाला, अंगठी शेवटी सोनाराकडे कापून काढावी लागली. मी म्हटलं, हो का? तो म्हणाला, हो. मग थांबला आणि म्हणाला, मला फक्त एक समजून घ्यायचंय, त्यात हसण्यासारखं काय होतं?

खरं सांगते, त्याने ते चिडून विचारलं नव्हतं. त्याला कळत नव्हतं. आणि मला ती बाई डोळ्यांसमोर आली, तोंडात माती, एक हात हलतोय, पलीकडे भिंत. मी त्याला उत्तर द्यायच्या ऐवजी विचारलं, ‘समजा आपल्या घराची भिंत पडली. तुम्ही पलीकडे अडकलात, मी अलीकडे. तुम्ही माझ्याशी काय बोलाल?’

मावशीने कपाळाला हात लावला. तो विचार करत होता, प्रामाणिकपणे विचार करत होता, त्याबद्दल त्याला पूर्ण मार्क.

‘अशा वेळी बोलू नये,’ तो म्हणाला. ‘हवा वाया जाते.’

मी हसले. म्हणजे अशी हसले की काका बाथरूममधून अर्धी दाढी घेऊन बाहेर आले. फोन हातातून सुटून वायरीला लोंबकळला. मी जमिनीवर बसले आणि त्या लोंबत्या फोनला धरून सांगायचा प्रयत्न करत होते की तुमचं बरोबर आहे, तुमचं अगदी शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे, पण मला नाही जमायचं. त्यातलं किती त्याला ऐकू गेलं देव जाणे. नाही जमायचं हे मात्र गेलं. कारण त्याने सभ्यपणे बरं म्हटलं आणि फोन ठेवला. मला इतकं हलकं वाटत होतं की मी काकांना म्हटलं, चला, मी तुम्हाला इडली खायला घालते. काका तसेच निघायला तयार होते. मावशी म्हणाली, आधी उरलेली दाढी करा.

हलकं वाटणं संध्याकाळपर्यंत टिकलं. मग पुण्याहून कुणाचाच फोन आला नाही. सोमवारी मी केला, तर आई रडवेली. बाबा ऐकून काही न बोलता बाहेर गेले म्हणाली, आणि फार वेळाने आले. मग मंगळवार, बुधवार, गुरुवार. मी आपलं लग्न दोनदा मोडलं होतं आणि या वेळी तर माझ्या राजीखुशीने. बाबा आता माझ्याशी कधीच बोलणार नाहीत, असं मला पक्कं वाटायला लागलं.

शुक्रवारी अक्कांकडे जाऊन मी राहिलेली कहाणी सांगितली. हवा वाया जाते, या वाक्याला सगळ्यांनी पदराच्या गाठी सोडल्या. तांदळांचा नुसता मारा झाला, केसांत, पोलक्यात, दुधाच्या भांड्यात. मराठवाड्यातल्या बाईची दुहेरी गाठ लवकर सुटेना, म्हणून तिचे दाणे सगळ्यांत शेवटी पडले. माझ्या डोक्यावर ते टाकताना ती म्हणाली, ‘नाही जात बाई वाया. मी सांगते ना.’ ती हसत नव्हती. मी तिचा हात धरला आणि मग मात्र मला खूप रडू आलं, हसताना येतं तसं नव्हे. अक्का म्हणाल्या, आता हिला काफी द्या.

शनिवारी भर दुपारी फोन वाजला. आमचे बाबा म्हणजे रात्री दर उतरल्याशिवाय परगावी फोन न करणारा माणूस. त्यामुळे त्यांचा आवाज ऐकला आणि मला वाटलं, घरात कुणाचं तरी बरंवाईट झालं. मी विचारलं, बाबा, काय झालं? ते म्हणाले, काही नाही. पलीकडे रस्त्यावरच्या स्कूटरचा आवाज येत होता, म्हणजे घरून नव्हे, कोपऱ्यावरच्या बूथवरून बोलत होते.

‘त्या दिवशी मी पण हसत होतो गं,’ बाबा म्हणाले. ‘उपरणं तोंडात कोंबलं होतं. तुझ्याकडे बघितलं आणि मला आवरेना, म्हणून खांबामागे जाऊन उभा राहिलो.’

मी फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला.

‘मग मुलाकडचे म्हणाले मुलीला हसण्याचा आजार आहे, आणि मी ऐकून घेतलं. बापाचाच आहे, एवढंसुद्धा म्हटलं नाही. लग्न मोडेल म्हणून गप्प बसलो, तर ते तसंही मोडलं. त्यानंतर तुझ्याकडे बघायची सोय राहिली नाही मला.’

इतके दिवस मी त्या पेपरला राग समजत होते. मावशी दारात उभी राहून खुणेने विचारत होती, काय झालं, कोण आहे, आणि मी तिला हाताने थांब म्हणत होते. मग मी नाक पुसलं आणि म्हटलं, बाबा, झालं ते झालं, आता बोला. बाबा म्हणाले, काय बोलू? मी म्हटलं, काहीही.

मग ते बोलायला लागले. नळाला पाणी सकाळी लवकर येतं हल्ली. आईचा गुडघा दुखतोय. दूधवाला पाणी घालतो म्हणून त्यांनी दूधवाला बदलला. मी म्हटलं, बदलला? तो आधीचा चांगला होता की. बाबा म्हणाले, डोंबलाचा चांगला, तुला दुधातलं काय कळतं? मी म्हटलं, रोज दूध कोण तापवत होतं, तुम्ही की मी? ते म्हणाले, तापवत होतीस की उतू घालवत होतीस? आणि आम्ही दोघं त्या दूधवाल्यावरून, भर दुपारच्या पूर्ण दराने, भांडत बसलो.